अपेक्षित एक, मिळाले दोन

दुरुस्तीवाला त्या घरी गेला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण असल्या गोष्टी अंधारात घडतात असं आपण धरून चालतो आणि उजेड दिसला की निर्धास्त होतो. त्या दिवशी उजेड भरपूर होता. जिन्यात होता, खोलीत होता, पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर तर डोळे दिपतील एवढा होता. जे झालं ते त्या उजेडातच झालं.

काम तसं रोजचंच. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची. तिची आई अंथरुणाला खिळलेली, एक बाजू लुळी पडलेली, बोलणं दोन-चार शब्दांचं. लेकीला दिवसभर बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसावंच लागायचं, नाहीतर घर कशावर चालणार? म्हणून तिने आईच्या गादीखाली एक रबरी चटई अंथरली होती. अशी चटई मिळते हो, वर माणूस झोपलं की त्याच्या छातीची हालचाल तिला कळते. चटईची तार पलंगाशेजारच्या काळ्या डब्यात, डब्यात छोटासा कॉम्प्युटर, आणि त्याची स्क्रीन बाहेर, शिलाई मशीनच्या शेजारी. स्क्रीनवर हिरवी रेघ श्वासाबरोबर वरखाली व्हायची आणि दर श्वासाला बारीक 'टिक' वाजायचं. श्वास थांबला तर घंटा. टिक ऐकू येतंय तोवर आई आहे, या एका भरवशावर ती लेक सुईत दोरा ओवत होती.

पहिली चटई पाणी सांडून खराब झाली. मग मामाने दुसरी आणली. मामा म्हणजे म्हातारीचा धाकटा भाऊ. उभा जन्म बस चालवली आणि आता बहिणीच्या घरी खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचा. ही चटई भलत्याच कंपनीची, स्वस्तातली, आणि ती कंपनीही म्हणे मागेच गाशा गुंडाळून गेलेली. जोडल्या दिवसापासून स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या. वेळीअवेळी घंटा वाजायची. लेक धावत आत जायची तर आई आपली डोळे उघडे ठेवून पडलेली. असं करून करून त्या पोरीची झोपच उडाली होती.

"अहो इंजिनियर," दुरुस्तीवाला दारात दिसताच मामा म्हणाला, "माझ्या चटईला काही बोलायचं नाही. आधीच हिने माझं डोकं खाल्लंय."

"चटई कुठे काय म्हणते, मामा," लेक म्हणाली. "तुम्ही आणलीत ना, मग ती तुमच्यासारखीच. कारण नसताना ओरडते."

दुरुस्तीवाला हसला. भला माणूस होता तो. समोरच्याला समजेपर्यंत सांगायची त्याला हौस होती. त्याने स्टूल ओढलं, लाल ओळी वाचल्या आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा ताई. या डब्याच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुणाचं म्हणणं आधी ऐकायचं, कुणाला किती जागा द्यायची, सगळं तोच बघतो. पण बाहेरून जोडलेल्या वस्तूची भाषा त्याला येत नाही. प्रत्येक वस्तूसाठी एकेक दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला म्हणायचं ड्रायव्हर."

"ड्रायव्हर मी होतो," मामा म्हणाला. "मला कुणी दुभाषा म्हटलं नाही. शिव्या मात्र सगळ्या भाषांत खाल्ल्या."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," लेक म्हणाली, पण तिलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं.

"तर पहिल्या चटईचा ड्रायव्हर कारभाऱ्याच्या घरचाच होता. तपासलेला, ओळखीचा. ही चटई परक्या कंपनीची. तिने आपला ड्रायव्हर सोबत आणला. त्याच्या मनात काय आहे ते कारभाऱ्याला कुणी उघडून दाखवलेलं नाही. तरी तो नाही म्हणत नाही, आत घेतो. फक्त घेताना एक खूण करून ठेवतो... बाहेरचं कुणीतरी आत आलं आहे, इथून पुढे काही झालं तर मला जबाबदार धरू नका. ही पहिली लाल ओळ म्हणजे ती खूण."

"म्हणजे बिघाड आहे?"

"बिघाड नाही, इशारा आहे. इशाऱ्याला घाबरायचं नसतं, तो समजून घ्यायचा असतो."

"आणि त्या ड्रायव्हरला काढून टाकलं की ती खूण जाईल?"

"लगेच नाही जात. तो निघून गेला तरी खूण राहते. आत असताना त्याने कशाकशाला हात लावला, कुणी पाहिलंय? डबा पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला, की मग कारभारी कोऱ्या मनाने उठतो."

खालच्या ओळी वेगळ्या होत्या. वेगळ्या म्हणजे एकच ओळ, पुन्हा पुन्हा, स्क्रीन भरून: पलंगावर अपेक्षित एक, मिळाले दोन. पलंगावर अपेक्षित एक, मिळाले दोन.

"हा त्या चटईचाच ड्रायव्हर बडबडतोय," दुरुस्तीवाला म्हणाला. "एका माणसाचा श्वास शोध म्हणून सांगितलंय, तर याला दोन सापडतात. चादरीची घडी, पंख्याची थरथर... त्यालाही माणूस समजत असेल."

स्क्रीनवर खरंच दोन हिरव्या रेघा होत्या, एकीखाली एक. लेकीने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वरची आईची आहे, दादा. तिची जुनी खोड आहे. काही श्वास घेते, मग अडते... आणि मग मोठा उसासा टाकते. धडधाकट होती तेव्हाही असंच. भाजी चिरता चिरता थांबायची, उसासायची, पुन्हा चिरायला लागायची. ती रेघ मी कुठेही ओळखेन. पण ही खालची..."

"खालचीचं काय?"

"ही कधीच अडत नाही."

दुरुस्तीवाल्याने पाहिलं. वरची रेघ चढली, उतरली, चढली, मधेच थबकली आणि मग उंच उसळून खाली आली. खालची मात्र पट्टीने आखल्यासारखी. चढ, उतार, चढ, उतार. जराही इकडचं तिकडे नाही.

"म्हणूनच ती खोटी," तो म्हणाला. "जिवंत माणसाचा श्वास एवढा सरळ नसतो, ताई."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. त्याच्या तोंडून बरोबर निघालं होतं, फक्त तोच पुढे ते विसरला.

चटई बदलायला दोघं आत गेली. खिडकी उघडी, खोली स्वच्छ. औषधाचा वास, तापलेल्या सुती चादरीचा वास, आणि त्या दोन्हींखाली आणखी एक... खूप काळ न उघडलेल्या पेटीचा असतो ना, तसा. पलंग चांगला रुंद होता. पण म्हातारी अगदी अलीकडच्या कडेला, लोखंडी कठड्याला चिकटून पडली होती. भिंतीकडची अर्धी गादी रिकामी.

"मी रोज मधोमध झोपवते," लेक पुटपुटली. "बघावं तेव्हा कडेला. स्वतःहून कूसही बदलता येत नाही तिला."

तिने आईला खांद्याशी धरून अलगद उचललं. म्हातारीचे ओठ हलले.

"अगं... याला कशाला आत घेतलंस..."

"डबा नीट करायला आलेत ते, आई."

म्हातारीने दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. मान बारीकशी हलवली. नाही, असं. मग तिची नजर हळूहळू भिंतीकडच्या बाजूला वळली आणि तिथेच राहिली.

तेवढ्यात दुरुस्तीवाल्याने मामाची चटई ओढायला भिंतीच्या बाजूने गादीखाली हात घातला. वरून ऊन पडत होतं, बाकीची गादी उबदार लागत होती. तिथे मात्र ती गार होती, आणि खोल दबलेली. भिंत ओल धरत असेल, तो मनाशी म्हणाला. कारणं आपल्याला पटकन सापडतात, आणि ती सापडली की आपण हात पुसून मोकळे होतो.

त्याने सोबत आणलेली नवी चटई अंथरली, मूळ कंपनीची. बाहेरच्या खोलीत येऊन परका ड्रायव्हर मुळासकट पुसून टाकला. डबा बंद केला. थोडं थांबून चालू केला. लेक ओठ चावत उभी होती. टिकटिक नव्हती तेवढा वेळ त्या घरात काहीच नव्हतं.

स्क्रीन उजळली. लाल ओळ एकही नाही. हिरवी रेघ एकच. चढ, उतार, चढ, उतार. टिक. टिक.

"घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "कसं स्वच्छ झालं."

लेक बराच वेळ बघत राहिली. "दादा, आई अडत का नाहीये आता?"

"घरचा ड्रायव्हर आहे ना. बारीकसारीक हेलकावे गाळून टाकतो. म्हणून रेघ नितळ दिसते."

तिने मान डोलावली. तिला पटलं. शिकलेल्या माणसाने एवढ्या आपुलकीने सांगितल्यावर का नाही पटणार? शिवायच्या कापडांच्या घडीवर तिने डोकं टेकलं आणि बघता बघता तिला झोप लागली. मामाने खिडकीशी बसूनच बोट ओठांवर ठेवलं.

"जरा बसा," तो कुजबुजला. "पुन्हा ओरडायला लागलं तर तुम्ही असलेले बरे. पोर झोपलीय, झोपू दे."

म्हणून तो बसला. ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं. मामाची मान पुढे कलली. दुरुस्तीवाला एकटा ती रेघ बघत होता आणि खरं सांगायचं तर खुशीत होता. घंटा नाही, बडबड नाही. टिक. टिक. एका थकल्या लेकीला आपण झोप मिळवून दिली, यासारखं काम दुसरं कुठलं?

लेक जागी झाली ती गडबडून. आधी तिने टिक ऐकलं, मग केस सारखे केले, वाटीत पेज घेतली आणि आत गेली.

आतून ओरडल्याचा आवाज आला नाही. वाटीही पडली नाही. वाटी हातात घेऊनच ती परत दारात येऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आईचे हात गार लागतायत."

टिक.

"नाही, नाही, ताई," दुरुस्तीवाला हसूनच म्हणाला. "हे बघा ना. श्वास चाललाय. अगदी व्यवस्थित..."

त्याचं बोट स्क्रीनवर होतं. ते तिथेच राहिलं.

मामा आत गेला आणि भिंतीला धरून बाहेर आला. मग दुरुस्तीवाल्याने दारातून पाहिलं. म्हातारी कठड्याला चेपून पडली होती, डोळे उघडे, नजर भिंतीच्या बाजूला. तिच्या अंगावर पांघरूण नव्हतं. ते पलीकडच्या रिकाम्या जागेवर होतं. सुरकुती न पडता, नीट, उशीपर्यंत ओढून घेतलेलं.

"पांघरूण तुम्ही..." लेक म्हणाली आणि तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ती झोपली असताना कुणीच आत गेलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरचा डॉक्टर आला. त्याने हात लावला, कोपर वाकवून पाहिलं. "बराच वेळ झालाय," तो म्हणाला. "अंग आखडलंय." मग त्याचं लक्ष टिकटिकीकडे गेलं. तो तिथेच थांबला, त्याने कान दिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "हे आधी बंद करा कुणीतरी."

दुरुस्तीवाल्याने डब्याची तार उपटली. तार हातात आल्यावरही एकदा टिक वाजलं.

लेकीला तो डबा नजरेसमोर नको होता. तो त्याने स्क्रीनसकट दुकानात आणला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही चटया जिन्याखाली टाकून आला होता. दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला.

"दादा, रागावू नका," लेक म्हणाली. आवाज रडून रडून बसला होता. "एवढंच बघून सांगा. ती कधी गेली? मी झोपले होते तेव्हा... की त्याआधीच? तुम्हाला ते डब्यात दिसेल ना. मी जागी असताना गेली असेल तर... मला तेवढं कळू दे हो."

दोनची एक रेघ झाली तेव्हा ती जागी होती, शेजारी उभी होती, आणि 'स्वच्छ झालं' असं तोच म्हणाला होता. "बघतो," तो म्हणाला आणि फोन चालूच ठेवून त्याने डबा चालू केला. डब्याला चटईची तार जोडलेली नव्हती.

कारभारी उठला. स्क्रीन कोरी होती. मग वर लाल ओळ उमटली: बाहेरचं कुणीतरी आत आलं आहे.

कोण आलं आहे ते त्याने शोधलं. परका ड्रायव्हर त्याने स्वतः पुसला होता. बाहेरून आत आलेल्यांच्या यादीत एकही नाव नव्हतं. तेवढ्यात खाली दुसरी ओळ आली.

पलंगावर अपेक्षित शून्य, मिळाले दोन.

दोन हिरव्या रेघा. खालची पट्टीने आखल्यासारखी. वरची चढली, उतरली, चढली... आणि थबकली. दुरुस्तीवाल्याने स्वतःचा श्वास रोखून धरला, आपलाच तर नाही ना पकडला जात म्हणून. वरची रेघ थबकलेलीच राहिली. मग उंच उसळून, लांब, खाली आली.

टिक.

"दादा?" फोनमधून आवाज आला. "दिसलं का? कधी थांबला तिचा श्वास?"

टिक. टिक. पुन्हा ती मधली शांतता. पुन्हा ते लांबलेलं टिक. हे सगळं फोनमधून पलीकडे जात होतं, आणि ती रेघ आपण कुठेही ओळखू, असं ती लेक सकाळीच म्हणाली होती.

मग पलीकडून अगदी हळू, दबक्या आवाजात तिने हाक मारली.

"आई...?"

आणि खालची रेघ, जी कधीच अडत नव्हती, ती अडली. कुणीतरी श्वास रोखून कान द्यावा, तशी.