ग्वारीघाटाहून परतलेले

स्मशानातून परतलेल्या माणसांसाठी दारात कडुलिंबाचा पाला ठेवतात. दोन पानं चावायची, तोंड कडू झालं की थुंकायची, मग घरात यायचं. अधारतालच्या आमच्या घरी ही रीत बापूंनी कधी मोडली नाही. आज बापूंसाठी मी जाळीच्या दाराबाहेर ताटलीत पाला ठेवला.

बापू पहाटे झोपेत गेले. हृदय थांबलं, इतकंच. ‘त्यांचा’ काही संबंध नव्हता.

‘ते’ उन्हाळ्यात आकाशातून नर्मदेवरच्या बरगीच्या जलाशयात उतरले. तेव्हापासून नर्मदेकडे गेलेली माणसं परत येतात ती तशीच दिसतात, तशीच बोलतात. मग एका सकाळी त्यांच्या घरातले सगळेच उठून नदीकडे चालू लागतात. ओमतीचा बाजार असाच ओस पडला.

“मागच्या मैदानातच अग्नी देऊ,” मी म्हणाले होते.

विपुल, माझा धाकटा भाऊ, ऐकेना. “बापूंना नर्मदेवरचा ग्वारीघाटच पाहिजे होता, ताई.” जाताना सोळा वर्षांच्या लेकीचा हात त्याने माझ्या हातात दिला. “वैष्णवीला सांभाळ. खात्री पटल्याशिवाय कुलूप काढू नको. मी असलो तरी.”

शेजारच्या अंबादासकाकांच्या टेम्पोतून दोघांनी बापूंना नेलं.

दुपारी दोघं चालत परतले. टेम्पो नव्हता. इतक्या लांबून येऊनही पायांवर धूळ नव्हती.

काकांनी पानं चावली आणि गिळली. विपुलनेही गिळली. लहानपणी कारल्याच्या वासानेच पानावरून उठायचा तो.

“ताई, दार काहून नाही उघडून राहिली? मी तर पानं चावून तुझी परीक्षा पास झालो ना?” तो हसला. हसणं त्याचंच होतं.

“टेम्पो कुठे आहे?”

“बंद पडला.”

“कडू नाही लागलं?”

त्याने ताटलीकडे पाहिलं. “लागायला पाहिजे होतं का?”

“आत्या, खोल ना,” वैष्णवी मागून रडत म्हणाली. “पप्पा आहेत!”

“नाही. तू आत जा.”

किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती घट्ट धरली. काका आणि विपुल पायरीवर बसले. झाडावर एकही पाखरू नव्हतं.

मग फाटकाची कडी वाजली.

बापू आत आले. सकाळी मीच नेसवलेलं पांढरं धोतर. चालही तीच, उजवा पाय किंचित ओढत.

“प्रणोती, पाणी दे गं पोरी. घसा सुकून राहिला.”

मी जाळीजवळ सरकले.

त्यांनी वाकून दोन पानं उचलली, चावली आणि तोंड वाकडं केलं. डावा डोळा मिटला, मान झटकली, बाजूला थुंकले. “थू! लय कडू आहे.”

माझा हात कुलपाकडे गेला.

विपुल त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. त्याने आणखी एक पान तोंडात टाकलं. डावा डोळा मिटला, मान झटकली, बाजूला थुंकला. शेजारी काकांनीही तेच केलं, अगदी तसंच.

तोवर मी कुलूप काढलं होतं.