मल्लेशनं उघडून ठेवलेली फाईल

लाइट गेलीच आहे, कंदीलही पेटला आहे, तर सांगते. पण आधीच बजावते, मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. माझा धंदा कॉम्प्युटरचा. तार जोडली की चालतं, तार काढली की बंद पडतं, एवढा साधा हिशेब. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यापर्यंत तो एकदाही चुकला नव्हता.

गुलबर्ग्याला तेव्हा एक लहानसं खासगी कॅन्सर हॉस्पिटल होतं. तिथल्या सर्व्हरची डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. जवळ उभं राहिलं की आतून पत्र्याचा डबा नखानं खरवडल्यासारखा आवाज यायचा. त्या डिस्कवर शेक, म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्या सगळ्या पेशंटांचे आराखडे होते. कुणाला, कुठं, कोणत्या कोनातून किती किरण द्यायचे आणि आजवर किती देऊन झाले, सगळं त्यात. डिस्क गेली असती तर पुढचा शेक कुणाला किती द्यायचा हे देवालाही सांगता आलं नसतं. जास्त झाला तर माणूस आतून भाजतो, कमी पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते. म्हणून हॉस्पिटलनं नवा टेप ड्राइव्ह आणला आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवायला मला बोलावलं. रविवारी शेकाला सुट्टी. त्या दिवशी सगळं टेपवर उतरवायचं आणि सोमवारी सकाळी नव्या सर्व्हरवर चढवायचं, असं ठरलं.

त्या पेशंटांत माझी कलाबाई मावशी होती. बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावची. आई गेल्यावर मला तिनंच लहानाची मोठी केली. तिच्या घशातली गाठ निम्म्यावर आली होती. बाकीच्यांसाठी मी कामावर आले होते. तिच्यासाठी मी जीव मुठीत धरून आले होते, हे उगाच कशाला लपवू?

रविवारी भर दुपारी मी सर्व्हरच्या खोलीत बसले. बाहेर वारा पडलेला. डाळ मिलच्या फोलपटांचा करपट वास खिडकीतून आत येत होता आणि औषधांच्या वासात मिसळत होता. सोबतीला शेक देणाऱ्या मशीनवरची श्रीदेवी होती. बाकी सगळा दवाखाना रिकामा.

सॉफ्टवेअर बसलं. टेप ओळखली गेली. काम सुरू केलं, ड्राइव्ह गुरगुरला आणि तासाभरात अहवाल आला. सगळं उतरलं होतं. फक्त एक फाईल वगळली होती, कारण ती कुणीतरी उघडून ठेवली होती. फाईल कलाबाईची. उघडणाऱ्याचं नाव मल्लेश.

"हे मल्लेश कोण?" मी विचारलं.

श्रीदेवीचा चेहरा पडला. "आमचा कॉम्प्युटरवाला. महिना झाला, हुमनाबादच्या रस्त्याला ट्रकनं उडवलं त्याला."

"मग त्याच्या नावानं कोण बसलंय?"

"आम्हीच की अक्का," ती ओशाळून म्हणाली. "त्याचा पासवर्ड समद्यांना ठाऊक हाय. नवीन नावं कोन करत बसतंय? मीबी त्याच्याच नावानं काम करायलेय, बिलवालेबी, औषधवालेबी."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे मेलेला मल्लेश त्या दवाखान्यात एकाच वेळी सात-आठ ठिकाणी ड्यूटी करत होता. आपल्याकडं माणसापेक्षा त्याचा पासवर्ड जास्त जगतो. कुठला तरी कॉम्प्युटर शनिवारी चालू राहिला असणार, दुसरं काय? आम्ही दोघी खोल्याखोल्यांतून फिरलो आणि एकूण एक यंत्र बंद करून आलो.

पडद्यावरची मल्लेशची नावं एकेक करत गेली. एक मात्र राहिलं.

ते कुठून आलंय ते पाहिलं. मल्लेशच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरून.

"त्यो तर बंद हाय," श्रीदेवी म्हणाली. "त्यो गेल्यापासून कुनी हात लावला न्हाई."

तो कॉम्प्युटर शेकाच्या खोलीबाहेर होता, श्रीदेवीच्या टेबलाला लागून. त्या खोलीच्या भिंती हातभर जाडीच्या. पेशंटला आत एकट्यानं पडून राहावं लागतं आणि बाहेरून माईकवर बोलावं लागतं. ते बोलणं मल्लेशनं आपणहून अंगावर घेतलं होतं, असं श्रीदेवीनं सांगितलं. घाबरलेल्या बायकांशी तो शेक संपेपर्यंत गप्पा मारायचा. तो गेल्याचं पेशंटांना कुणी सांगितलं नव्हतं. रजेवर आहे, एवढंच सांगत होते.

कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं. त्यावर धूळ. वायर गुंडाळून मागं ठेवलेली. मी कापड उचललं, पडद्याला हात लावला आणि हात मागं घेतला. पडदा कोमट होता.

"उन्हानं तापला असंल," मी म्हणाले. तिथं खिडकीच नव्हती.

परत येऊन मी मल्लेशचं नाव तोडून टाकलं. ते गेलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत आलं. पुन्हा तोडलं, पुन्हा आलं. डिस्कचा आवाज आता वाढला होता. मी उठले आणि सगळ्या दवाखान्याच्या तारा जिथं एकत्र येतात त्या डब्यातून एकेक तार उपटून काढली. हिरवे दिवे विझत गेले. शेवटचा विझल्यावर सर्व्हर जगात एकटा उरला. त्याच्यापर्यंत पोचायला आता मुंगीएवढीही वाट नव्हती.

पडद्यावर मल्लेश तसाच होता. फाईल तशीच उघडी.

"अक्का… चला," श्रीदेवी कुजबुजली. "राहू द्या ते."

"राहू द्या म्हणजे? मावशी हाय माझी."

खरं सांगते, भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी त्या शेकाच्या खोलीशी गेले, श्रीदेवीच्या टेबलावरचा माईक बंद होता तरी त्याच्यावर वाकले आणि बोलले. दुसरं काय करणार होते?

"मल्लेशअण्णा… मी मंगल. कलाबाईची भाची. तुम्ही तिला लई धीर दिला. पर आता हे घर पडायलंय. तिचं सामान मी दुसऱ्या घरात न्यायलेय. सोडा आता… उठा हितून."

काहीच झालं नाही. आतल्या जाड भिंतींमागं कुणीतरी खुर्ची मागं सारल्यासारखा आवाज आला, तो माझ्या मनाचा खेळ असेल म्हणा.

सर्व्हरच्या खोलीत आले तेव्हा पडद्यावर नाव नव्हतं. मी पुन्हा काम सुरू केलं. टेप फिरली. मावशीची फाईल उतरली. त्यानंतर डिस्कनं एकदा जोरात खरवडलं आणि ती कायमची गप्प झाली.

सोमवारी सकाळी टेपवरून सगळं नव्या सर्व्हरवर चढलं. डॉक्टरांनी आराखडे तपासले, कशातही फरक नव्हता. मी प्रत्येकाला त्याचं त्याचं नाव करून दिलं आणि मल्लेशचं नाव काढून टाकलं. या खेपेला ते बिनतक्रार गेलं. मला फार अभिमान वाटला, कबूल करते.

दुपारी मावशीचा नंबर लागला. मी बाहेर श्रीदेवीजवळ उभी होते. माईक बंद होता, मी स्वतः पाहत होते. शेक संपला आणि मावशी पदर सावरत बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू होतं.

"त्यो पोरगा आला की ग रजेवरनं," ती म्हणाली.

श्रीदेवीनं माझं मनगट धरलं.

"काय म्हनला?" मी विचारलं.

"म्हनला, अक्का, काल तुमच्या भाचीनं मला हितून उठवलं. आता हितं थांबता येत न्हाई. म्हनून संध्याकाळच्या गाडीत तुमची जागा धरून ठेवतो." मावशीनं डोळे पुसले. "लई मायेचं लेकरू."

संध्याकाळी मी तिच्यासोबत स्टँडवर गेले. बसवकल्याणची गाडी खचाखच भरली होती. माणसं दांडीला लोंबकळत होती, पायरीवर बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. आणि मधोमध, खिडकीजवळच्या बाकावर, दोन माणसांची जागा रिकामी होती. खिडकीकडच्या जागेवर काही नव्हतं. शेजारच्या जागेवर घडी घातलेला पांढरा रुमाल होता. एवढ्या गर्दीत तिकडं कुणी पाहतही नव्हतं.

आत चढताच मावशी सरळ तिकडं निघाली. मी तिचा दंड धरला.

"सोड ग, पोरानं धरून ठेवलंय."

"दुसऱ्या गाडीनं जाऊ, मावशी."

"कामून? पाय दुखायलेत माझे."

मेलेल्या माणसानं धरलेल्या जागेवर बसलेलं माणूस कुठं उतरतं, हे तिला कसं सांगू? ओढतच तिला खाली उतरवलं. लोक हसले, मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून दिसलं, ती जागा तशीच रिकामी होती आणि रुमाल तेवढा उचललेला होता.

मावशीची गाठ गेली. डॉक्टर म्हणाले, शेक अगदी वेळेवर पूर्ण झाला म्हणून. आज ती सत्तरी ओलांडून गेली आहे. लग्नाला, जत्रेला आम्ही दोघी जातो. कुठल्याही गाडीत चढलो, कितीही गर्दी असली, तरी खिडकीजवळ दोन माणसांची जागा मोकळी असते. आम्ही उभ्यानं जातो. मी तिला मधे घेते आणि दोन्ही हातांनी वरची दांडी धरते.

परवा चिटगुप्प्याहून येताना तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. सगळी वाट ती उभ्यानं आली होती. ती त्या रिकाम्या बाकाकडं बघत होती आणि बघता बघता तिनं कुणाला तरी ओळखीची मान हलवली.

"मंगल," ती म्हणाली, "आता बसू दे की ग मला."