हातोडा मुका का झाला?

"डावीकडे! अगं, डावीकडे झुक!" शेजारचा ढब्बू ओरडला.

भिंगरीने दांडी डावीकडे ओढली. पण पडद्यावरच्या हातोडा नावाच्या गड्याने तिच्या बॉक्सरला असा ठोसा हाणला, की तो आडवाच झाला. खेळ खलास!

"चिप गेलीय," यंत्र बघायला आलेला मेकॅनिक म्हणाला. "या शेवटच्या गड्याला कोणीच हरवू शकत नाही. थोड्या वेळाने टेम्पो आणतो. भंगारात जाऊ दे."

मामा इस्त्री करता करता नुसतं "बरं" म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

मामाचं धुलाईचं दुकान होतं. मोठी यंत्रं गरगरत, काचेआड रंगीत कपडे उलटेपालटे होत, वाफेने सगळं धूसर दिसे आणि दुपारभर डोळे जड होत. कोपऱ्यात बॉक्सिंगचा जुना खेळ. मामीने तो गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी आणलेला. खेळायची मात्र तीच! यंदाच्या सुट्टीत मामी नव्हती. ती गेल्याला वर्षही झालं नव्हतं. आता खेळही जाणार?

"म्हणे चिप गेली! मामी तर याला रोज लोळवायची," भिंगरी फणकारली.

खेळ तसा साधा. समोरचा ठोसा मारण्याआधी खूण करतो. मिशाळ भुवई उडवतो, ढेरपोट्या खांदा उचलतो. खूण दिसली की झुकायचं. त्याचा ठोसा हवेत गेला, की तो धापा टाकत उभा राहतो. तेवढ्यात दे दणादण! उगाच मारत सुटलात, तर तुमचाच दम संपतो. पण हातोडा हातमोज्यांआड तोंड लपवून उभा. ना भुवई, ना खांदा!

"मामी त्याच्याकडे बघायचीच नाही," शेपूट म्हणाला. हा भिंगरीचा धाकटा भाऊ. सतत मागे मागे, म्हणून शेपूट.

"गप रे! न बघता कोण खेळतं?" ढब्बू हसला.

"खरंच! चादरी घडी करायची, दाराकडे बघायची आणि मध्येच याला हाणायची."

भिंगरी थबकली. "म्हणजे ती ऐकत होती! आणि हा खेळ तर यंदा मुकाच आहे!"

तिघं सरपटत यंत्रामागे गेले. स्पीकरची वायर सुटलेली होती. छे, सुटलेली कसली! नीट गुंडाळून मामीच्या केसांच्या रिबिनीने बांधलेली होती.

"मेकॅनिकने मागे डोकावलंच नाही की!" ढब्बू म्हणाला.

ती रिबीन कोणी बांधली असेल, ते भिंगरीला कळलं. तिने ती जपून खिशात ठेवली आणि वायर जोडली.

मिशाळ लोळला, ढेरपोट्या लोळला. हातोडा उभा राहिला, तोच मेकॅनिक दारात. "चला, व्हा बाजूला!"

"काका, टेम्पो कुणाच्या फाटकासमोर लावलाय? पलीकडच्या आजी काठी घेऊन आल्यात!" ढब्बूने ठोकून दिलं. मेकॅनिक धावत सुटला.

भिंगरीने डोळे मिटले. यंत्रांची घरघर, साबणाचा वास, गरम कापडाची ऊब... जणू मामी शेजारीच चादर झटकत होती. करकर! हातोड्याचा बूट वाजला आणि उजवा ठोसा आला. ती झुकली. फुरफुर! नाक वाजलं आणि डावा आला. ती पुन्हा झुकली. मग दे दणादण!

धप्प!

जिंकल्याची धून दुकानभर घुमली. डोळे उघडले, तर मामा ओल्या हातांनी समोर उभा.

"वायर कोणी जोडली?"

"मी," भिंगरी पुटपुटली आणि तिने रिबीन पुढे केली.

मामा स्टुलावर बसला. रिबीन बोटांत फिरवत राहिला. "हा आवाज आला, की वाटायचं ती बाहेरच आहे. मग बाहेर यायचो..." त्याने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. मी बंद करून बसलो आणि तू नीट ऐकलंस."

मेकॅनिक धापा टाकत आला. "कुठे आहेत आजी?"

"चिप गेली होती ना हो? जा, टेम्पो रिकामाच न्या," मामा म्हणाला.

मग रिबीन खिशात घालून तो आत वळला. दारापाशी थांबून म्हणाला, "भिंगरे, आवाज जरा वाढव. आत नीट ऐकू येत नाही."