आठवं पाऊल

मुलांना चालायला शिकवण्याची माझी रीत सोपी होती. भाताच्या तुसाची राख वस्त्रगाळ करायची, सरावाच्या खोलीत फरशीवर पातळ पसरायची आणि मुलांना दोन गुडघ्यांत कागद धरून गोल फेरी मारायला लावायची. कागद पडला की पुन्हा पहिल्यापासून. तास संपला की मुलं पळायची आणि मी ओणवी होऊन राख वाचायचे. कोणाची टाच आधी टेकते, कोण डाव्या पायाला जपतं, कोणाचं आज लक्ष नव्हतं, सगळं तिथे उमटलेलं असायचं. श्यांग नदीकाठच्या आमच्या गावातल्या ऑपेरा शाळेत मी एकेचाळीस वर्षं हेच केलं. पावलं वाचण्यात मी सहसा चुकत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

लियाव सू याच राखेवर चालायला शिकली. एकोणिसाव्या वर्षी ती ग्वांगझौला नवं नृत्य शिकायला गेली, तिथून समुद्रापलीकडे. पुढे तिचं नाव मोठं झालं. रंगमंचाएवढं पांढरं कापड अंथरायचं, नर्तकांचे सुती मोजे शाईत भिजवायचे, आणि नाच संपला की ते कापड भिंतीवर चढवायचं, हे तिचं काम. मोठमोठ्या संग्रहालयांत लोक त्या कापडांपुढे तासन्तास उभे राहायचे म्हणे. हे सुचलं कुठून, असं विचारलं की ती सांगायची, आमच्या पेंगबाईंच्या राखेतून.

पण ती ते कापड पुन्हापुन्हा का अंथरते, हे मला ठाऊक होतं. ती वडिलांची चाल शोधत होती.

तिचे वडील, लियाव ताओशेंग, आमच्या मंडळीतले मोठे नट. त्यांचा एक प्रवेश होता: मुलगा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन गोठलेली नदी ओलांडतो. रंगमंचावर ते एकटेच, पाठ रिकामी. सहा पावलं नुसती चालायची. सातव्याला थांबायचं, वाकायचं. आणि आठवं पाऊल पडलं की पाठीवर म्हातारा असायचा. पुढच्या रांगेतल्या बायका शपथेवर सांगायच्या की त्याची दाढी हलताना पाहिली. एकोणीसशे एकोणऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी तो शेवटचा केला आणि वसंतात ते गेले. फोटो नाही, शिष्य नाही. त्या शेवटच्या प्रयोगाला सात वर्षांची सू कपड्यांच्या पेटीवर झोपून गेली होती. मी मात्र विंगेत त्यांचा चहा धरून उभी होते. भेटेल तेव्हा ती एकच विचारायची, की ते भार घ्यायचे कसा? मला सांगता यायचं नाही. जन्मभर पावलं वाचणारी मी, त्या एका दिवशी सगळ्यांसारखी पाठीकडे बघत राहिले होते.

गेल्या जुलैत ती चार नर्तकांना घेऊन आली. जुनं नाट्यगृह महिनाअखेर पाडणार होते, तिला आठ दिवस मिळाले. त्याच फळ्यांवर वडिलांचा प्रवेश उभा करायचा, नाहीतर कायमचा सोडायचा, असं ती म्हणाली. नाट्यगृहाची किल्ली तिने माझ्याकडे दिली. राखणदार वेन, जो सूच्या वडिलांना दादा म्हणायचा, गालात सुपारी धरून कापड अंथरलेलं बघत होता. "पेंगबाई, तुमची पोरं जगभर फिरतात," तो म्हणाला, "आणि शाई सांडायला माझाच मंच सापडतो त्यांना."

पहिल्या दिवशी आम्ही शेवया खायला गेलो. परत येऊन बघतो तर कोऱ्या कापडाच्या मधोमध एक पाऊल. धुरकट, वाळलेल्या पाण्याच्या डागासारखं. सगळ्यांनी वेनकडे पाहिलं. तो चिडला आणि चप्पल काढून तळवा दाखवू लागला. मी वाकून पाहिलं. चप्पल नव्हती ती. तीन बोटं जाड तळव्याच्या बुटाचा ठसा होता, आमचे नट घालायचे तशा. तसे बूट गावात वीस वर्षांत कोणी घातलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दोन पावलं होती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः खिडक्यांच्या कड्या लावल्या, कापडाच्या चारी बाजूंनी हातभर रुंद राख पसरली, दाराला कुलूप घातलं आणि पायरीवर बसूनच जेवले. तासाभराने दार उघडलं. राख दुधावरच्या सायीसारखी अखंड होती. कापडावर तीन पावलं होती.

नर्तकांपैकी सर्वांत धाकटी रडवेली झाली. सू मात्र पहिल्या वर्गात पहिल्यांदा फेरी पुरी केलेल्या मुलासारखी दिसत होती. ती रोज त्या ठशांशेजारी उभी राहून आपलं अंग त्यांच्यात बसवू लागली. मी टाच सांगायचे, चवडा सांगायचे, गुडघा कुठे असेल ते सांगायचे. तिचे नर्तक मागे सरून भिंतीशी बसत. सहाव्या दिवशी सहा पावलं. सातव्या दिवशी सातवं, जोडपायांचं, चवड्यावर खोल. इथे ते वाकले होते.

आठव्या दिवशी काहीच आलं नाही.

आम्ही दार दोनदा लावलं, दोनदा उघडलं. चार वाजता फळ्या उखडायला माणसं येणार होती. तीन वाजले. सूने मोजे शाईत भिजवले.

"बाई," ती म्हणाली, "या वेळी पायांकडेच बघा हं."

ती चालू लागली. सहाही पावलं बरोबर पडली. सातव्यावर ती थांबली, वाकली.

आणि थांबून राहिली.

बाहेरच्या झाडावरच्या किड्यांचा आवाज बंद झाला होता. वेनचं सुपारी चघळणं थांबलं होतं.

मी पायांवरून नजर हलवली नाही. म्हणून मला दिसलं. तिने काहीच उचललं नाही. टाचा किंचित बाहेर सरल्या, गुडघे सैल झाले, आणि दोन पावलांमधे एक जागा झाली. ती भार घेत नव्हती. ती त्याला येऊ देत होती. चाळीस वर्षं जे मला सांगता आलं नव्हतं, ते एवढंच होतं.

फळी करकरली.

आठवं पाऊल पडलं. शाई मोज्याच्या कडेबाहेर पसरली. पाठीवर दुसऱ्याला घेऊन राखेतून जाणाऱ्या मुलाचा ठसा असाच पसरतो.

मी वर पाहिलं नाही. शेजारी वेनने पाहिलं असावं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "आलात का, दादा."

सूने नदी ओलांडली. एकवीस पावलं, प्रत्येक तितकंच जड.

माणसं आली, कापड गुंडाळलं गेलं. शहरातून तिला एकटीला न्यायला आलेली भाड्याची गाडी रस्त्यावर उभी होती. सू नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरली तीही वाकून, दोन्ही हात पाठीमागे गुंफून. मी म्हटलं, झालं बाळा, सोड आता हात. ती घामाने निथळत होती, पण चेहरा शांत होता.

"गाडीपर्यंत, बाई," ती म्हणाली.

गाडीचं मागचं दार तिने धाकट्या नर्तकीला उघडायला लावलं. मग सीटकडे पाठ केली, गुडघे वाकवले, आणि सावकाश, फार सावकाश खाली झुकून हात सोडले. कंबर सरळ केली. दार हलकेच लावून ती वळसा घालून पलीकडच्या बाजूने आत बसली.

ड्रायव्हर दिवसभर रस्त्यावर होता, नाट्यगृहात पाऊलही ठेवलं नव्हतं त्याने. त्याने गाडी सुरू केली, आरशात मागे पाहिलं आणि म्हणाला, "दोघांनीही पट्टे लावून घ्या."