रविवारी जागे होणारे चार संगणक

"माझ्यावर चोरीचा आळ आहे, आणि चोरीला तर काहीच गेलेलं नाही," आलेली बाई म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. नीट बसली तर कोणाची तरी जागा अडेल, अशी.

वहिनींनी चष्मा पुसला. वहिनी म्हणजे खाजगी तपासनीस. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर दिवसातून पन्नास वेळा तीच हाक मारायचा. हा दीर, म्हणजे भाऊजी, निवृत्त टंकलेखक. टिपणं मोत्यासारखी काढायचा. त्यातून निष्कर्ष काढायची वेळ आली की मात्र आनंदीआनंद.

"सगळं पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"ऑफिसात मला अंगाईबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. मी संगणकांना झोपवते ना, म्हणून."

कंपनी मोठी होती. अकरा शाखा, चार हजार संगणक. लोक संगणक तसेच चालू टाकून घरी जायचे आणि रिकाम्या खोल्यांत संगणकांचे पडदे रात्रभर उजळलेले असायचे. बाईंनी योजना लिहिली. सात वाजले की रिकामे संगणक एका जागेवरून झोपवायचे आणि लागेल तो तिथूनच जागा करायचा. विजेचा खर्च तिसऱ्या हिश्श्याने उतरला.

"योजनेचा दुसरा भाग माणसांचा होता," बाई म्हणाल्या. "कामापेक्षा जास्त माणसं होती तिथे कमी केली. काढलं कोणालाच नाही हं. बदल्या केल्या."

"मग आळ कसला?"

"चार संगणक दर रविवारी सकाळी दहाला जागे होतात आणि संध्याकाळी पाचला झोपतात. सहा महिने हे चाललंय. रविवारी ऑफिसला कुलूप असतं. साहेब म्हणतात, मी घरून ते उघडते आणि कागद चोरते. जागं करायची संगणकातली किल्ली माझ्या नावाची, नोंदीत नाव माझं. सोमवारी मला काढणार आहेत."

"उघडलं काय जातं?"

"काहीच नाही! एक फाईल नाही. नुसते जागे असतात."

"फक्त रविवारी?"

"सुट्टीच्या दिवशीही. आणि एकदा बुधवारी. त्या दिवशी एकटा स्वागतकक्षातला जागा झाला होता."

"किल्ली दुसऱ्या कोणाकडे?"

"नाही. यंत्रणेची दुसरी प्रत लांबच्या केंद्रात आहे. मुख्य ऑफिस बंद पडलंच तर उपयोगी पडावी म्हणून. तिथल्या यंत्रातही माझीच किल्ली भरलेली आहे. पण तिथे कोणी नसतं."

भाऊजींनी वहीत लिहिलं, 'तिथे कोणी नसतं', आणि खाली रेघ मारली.

"म्हणजे एक जण असतो, यंत्रांवर लक्ष ठेवायला," बाई म्हणाल्या. रेघ मारून झाली होती, त्यामुळे भाऊजींनी हे काही लिहिलं नाही.

"घरी कोण असतं तुमच्या?" वहिनींनी विचारलं.

"कोणी नाही. सतरा वर्षं त्या ऑफिसात काढली, वहिनी. ते गेलं तर सकाळी उठायचं तरी कशाला, तेच मला कळत नाही." बाईंनी हे अगदी सरळ सांगितलं. भाऊजी उगाचच वहीची पानं चाळत राहिले.

*

शुक्रवारी वहिनी आणि भाऊजी ऑफिसात पोचले. अंगाईबाईंची काचेची खोली जिन्याच्या टोकाला होती. बाई पुढे चालल्या की माणसं बोलता बोलता थांबत आणि त्या गेल्या की पुन्हा सुरू होत. वर्षभर हे असंच चाललं असावं, कारण बाईंनी मान वर करून पाहिलंही नाही.

त्यांच्या पडद्यावर नावांची लांबच लांब यादी होती. संगणक जागा असला की नावापुढे हिरवा ठिपका, झोपला की राखाडी.

मोठे साहेब दारातूनच बोलले. "किल्ली एकीची, नोंद एकीची. दोन आणि दोन चार. यात तपास कसला करायचा? ते चार संगणक ज्यांचे, ती चौघं चार विभागांतली, चार मजल्यांवरची, एकमेकांशी कामाचा संबंध नाही. सगळं आम्ही बघून झालंय. सोमवारपर्यंत काय ते करा."

"चौघांना भेटते," वहिनी म्हणाल्या.

पहिली स्वागतकक्षातली. "काय काम आहे?" ती एवढ्या जोरात ओरडली की भाऊजी दोन पावलं मागे सरले. साहेबांनी तिला दोनदा ताकीद दिली होती म्हणे, हळू बोल म्हणून. रविवारी घरीच असते, मुलांचे कपडे, स्वयंपाक. आणि तो बुधवार?

"त्या बुधवारी मी नव्हतेच! दाढ काढली होती!"

"बहिरी आहे बिचारी," भाऊजी वहिनींच्या कानाशी लागून पुटपुटले.

"मी? छे हो! कान चांगले आहेत माझे," ती पलीकडून म्हणाली. भाऊजींचे कान लाल झाले.

दुसरा भांडारातला. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छत, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. हा बाहेरून आला, खुंटीवरचा स्वेटर काढून एक बाही चढवली, मग दचकून परत टांगला.

"थंडी वाजते का काय?" भाऊजींनी कपाळ पुसत विचारलं.

"नाही हो. कामाच्या खोलीत शिरलो की हात जातोच."

तिसरी प्रशिक्षण विभागातली बाई. वीस जण बूट घालून बसलेले, आणि शिकवणारी मात्र मोज्यांवर. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. "काढल्या जातात," ती हसून म्हणाली. "मुलं चिडवतात, देवळात आलात का म्हणून." अंगाईबाईंबद्दल विचारलं तर तिने खांदे उडवले. "त्यांच्या योजनेतच माझी बदली झाली. बरंच झालं म्हणा. घर जवळ आलं."

चौथा कायदा विभागातला कारकून. आजूबाजूच्या प्रत्येक टेबलावर चहाचा कप होता, याचं टेबल कोरडं ठणठणीत. बोलता बोलता तो दोनदा उठला, बाहेर पॅसेजमध्ये उभ्याने चहा प्यायला, हात पुसून परत आला.

"अरे, इथेच पी की बाबा," भाऊजी म्हणाले.

"इथे?" भाऊजींनी जणू टेबलावर आंघोळ करायला सांगितली होती.

जिना उतरताना भाऊजींचं ठरलं होतं. "कारकून, वहिनी. कायद्याचे कागद त्याच्याकडे. सारखा बाहेर जातो. फोन करायला जात असणार."

"कप घेऊन? बरं, वहीत काय काय जमलंय ते वाचा."

"एक ओरडते, एकाला उन्हाळ्यात स्वेटर लागतो, एक अनवाणी, एक टेबलावर चहा पीत नाही. वेड्यांचा बाजार आहे नुसता."

"बाजार नाही, भाऊजी. खोली आहे. एकच खोली." वहिनी थांबल्या आणि कठड्याला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. "आणि त्या खोलीत आत्ता कोणीतरी बसलंय. साहेबांना सांगा, रविवारी साडेदहाला लांबच्या केंद्रावर यायचं. चौघांना घेऊन."

*

गावाबाहेर, गोदामांच्या रांगेच्या शेवटी, बिनखिडक्यांची एक बैठी इमारत. साहेब सुट्टी बुडाल्यामुळे घुश्शात होते आणि अंगाईबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. चौघं गाडीतून उतरली. रस्ताभर एकमेकांशी फारसं बोलली नव्हती.

वहिनींनी दार उघडलं. आतून थंडगार हवेचा लोट आला आणि पंख्यांचा घोंघाट. साहेब बुटांसकट तरातरा आत शिरले. चौघं मात्र उंबऱ्याशी थांबली. कोणी काही न सांगता चौघांनीही पायांतलं काढलं आणि भिंतीला लावून ठेवलं. कारकुनाने हातातली पाण्याची बाटलीही बाहेरच ठेवली.

"बघितलंत, साहेब?" वहिनींना ओरडूनच बोलावं लागलं.

यंत्रांच्या रांगांपलीकडे एक टेबल, एक खुर्ची, आणि त्यात पाठमोरा बसलेला पन्नाशीचा माणूस. स्वेटर, कानटोपी. आवाजामुळे त्याला कोणी आल्याचं कळलंच नव्हतं. समोरच्या पडद्यावर राखाडी नावांची यादी होती आणि तिच्यात चार ठिपके हिरवे. ती चारही माणसं त्याच्या पाठीशी मोज्यांवर उभी होती.

"तात्या!" स्वागतकक्षातली ओरडली. इथे तिचा आवाज अगदी बेताचा वाटला.

तो वळला, उठला आणि खुर्चीची पाठ धरून तसाच राहिला.

बाजूला काचेचं दार लावलेली छोटी खोली होती. सगळे तिथे दाटीवाटीने उभे राहिले तेव्हा कुठे माणसासारखं बोलता येऊ लागलं.

"साहेब, तुम्ही ही माणसं आज कुठे आहेत ते पाहिलंत," वहिनी म्हणाल्या. "काल कुठे होती ते पाहिलं नाहीत. कान चांगले असून ही ओरडते. म्हणजे वर्षानुवर्षं घोंघाटात बोललेली आहे. ह्याचा हात उन्हाळ्यात स्वेटरकडे जातो, म्हणजे कामाची खोली थंड होती. ही चपला बाहेर काढते, म्हणजे आत धूळ चालत नव्हती. आणि हा टेबलावर चहा ठेवत नाही, म्हणजे यंत्रांजवळ थेंबही नको होता. थंड, गोंगाटाची, धूळ आणि पाणी वर्ज्य. अशी खोली स्वयंपाकघर नसते आणि कचेरीही नसते. चौघं इथे होती. बाईंच्या योजनेत बदली होऊन गेली. पाचांतला राहिला तो एक."

"आणि किल्ली?" साहेबांनी विचारलं.

"यंत्रणेची दुसरी प्रत इथे आहे, तिच्यात किल्ली बाईंचीच भरलेली. हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या वहीत मात्र 'तिथे कोणी नसतं' एवढंच राहिलं."

भाऊजी खाली पाहू लागले.

"आता रविवारच का? चोराला वार लागत नाही. दहाला उठवायचं, पाचला नीट झोपवायचं, हे कामावर असलेल्या माणसाचं वेळापत्रक झालं. इतर दिवशी ही चौघं ऑफिसात असतात, त्यांच्या नावांपुढे हिरवा ठिपका आपोआपच असतो. सुट्टीला तो जातो. त्या बुधवारी हिची दाढ काढली, ही आली नाही, तर एकटा हिचाच संगणक जागा झाला. जो दिसत नाही, त्याला कोणीतरी उठवत होतं. फाईल उघडलीच नाही, कारण फाईल कोणाला हवी होती? ठिपका हवा होता."

तात्यांनी कानटोपी काढून हातात चुरगळली.

"चूक झाली, साहेब," ते म्हणाले. इतक्या दिवसांत बोलायची सवय मोडल्यासारखा त्यांचा आवाज चिरकत होता. "बाईंच्या नावावर जातंय हे मला माहीत नव्हतं, आईशप्पथ. आठवडाभर ही चौघं दिसायची. आली, जेवायला गेली, परत आली. रविवारी यादी सगळी राखाडी व्हायची. दिवसभर. मला ते बघवेना."

"फोन करायचात की, तात्या!" भांडारातला म्हणाला.

"केला होता. सुरुवातीला. तुम्ही गडबडीत असायचात."

भांडारातल्याने शिकवणारीकडे पाहिलं. "मला वाटलं, तू बोलतेस त्यांच्याशी."

"मला वाटलं, हा बोलतो." तिने कारकुनाकडे बोट केलं. कारकुनाने स्वागतकक्षाकडे पाहिलं. ती एकदाची गप्प झाली होती. एवढी लाज कोणाला एकदम वाटलेली भाऊजींनी पाहिली नव्हती, आणि वहीत लिहायचंही त्यांना सुचलं नाही.

साहेब खाकरले. "बाईंवरचा आळ मागे. पण नियम मोडलाय. ह्यांना काढावं लागेल."

"मग मलाही काढा," अंगाईबाई म्हणाल्या. सगळे वळले. "पाचांचं काम एकाला जमेल, हे मी लिहिलं. ही खोली न बघता."

"जमतं की, बाई," तात्या घाईघाईने म्हणाले, जणू त्यांनाच बाईंची बाजू घ्यायची होती. "काम एक दिवस अडलं नाही. संध्याकाळी निघताना 'येतो' कोणाला म्हणायचं, तेवढंच अडायचं."

काचेपलीकडे पंखे घोंघावत राहिले.

"बरं, नाही काढत," साहेब शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण दुसरा माणूस देणं मला परवडणार नाही. तुमच्यापैकी कोणी परत येणार आहे का इथे?"

भांडारातल्याने घड्याळ पाहिलं. शिकवणारीचं घर जवळ आलं होतं. स्वागतकक्षातलीला मुलं होती. कारकून काचेतून बाहेर बघू लागला. कोणाचं काही चुकत नव्हतं, आणि तात्यांना ते कळत होतं. "राहू द्या, साहेब," ते म्हणाले.

"मी येते," अंगाईबाई म्हणाल्या. "चार हजार संगणक झोपवायला मला काचेची खोली लागत नाही. यंत्रणा इथेही आहे, इथूनही होतं सगळं. खर्च एका पैशाने वाढणार नाही. हवं तर लिहून देते."

साहेबांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. "द्या लिहून," ते म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

तात्या गोंधळून गेले. एकदा टेबलाकडे गेले, एकदा दाराशी आले, मग ओशाळून उभे राहिले.

"बाई, इथे खुर्ची एकच आहे हो. बाकीच्या घेऊन गेले."

"माहीत आहे," अंगाईबाई म्हणाल्या. "इथून काय न्यायचं, ती यादीही मीच केली होती. उद्या माझी घेऊन येते."