बूथ क्रमांक चारची गिटार

सातपूरच्या एका कारखान्यात मी मोजमाप तपासायचं काम करत होतो. दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तूंत खोट काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. लोकांच्या खिशात पेन असतं, माझ्या खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असे. माझी बायको सुवर्णा आजही सांगते, की बघायला आले तेव्हा यांचं लक्ष माझ्याकडे कमी आणि ताटातल्या लाडवांकडे जास्त होतं. ते खरं आहे. सातातले दोन लाडू लहान होते.

२००२ साली, पस्तिशी ओलांडल्यावर, मला इलेक्ट्रिक गिटारची हुक्की आली. एका दुकानात गेलो, गिटार मांडीवर घेतली, व्हर्नियर काढला आणि मानेवरच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजायला लागलो. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला.

"साहेब, वाजवून बघा ना. मोजताय काय?"

"मला वाजवता येत नाही," मी खरं ते सांगितलं.

त्याने गिटार माझ्या मांडीवरून उचलून भिंतीला टांगली. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, गिटार आपणच बनवायची. नाचता येईना म्हणून यांनी अंगणच नवीन बांधायला घेतलं, असं सुवर्णा गल्लीभर सांगत सुटली.

आम्ही पंचवटीत मखमलाबाद रस्त्याला चतुराबाईंच्या घरात भाड्याने राहायचो. मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढची त्यांची, आणि समोरचा ओटा सगळ्यांचा. चतुराबाई साठीच्या पुढच्या. सकाळी देवळापाशी झेंडू-शेवंती विकायच्या आणि चार वाजता ओट्यावर येऊन सुवर्णाच्या हातचा चहा घ्यायच्या. चहा बशीत ओतून, फुर्रकन, शेजारपाजाऱ्यांना कळेल असा. बशी परत यायची ती ओली, पण एक थेंब न उरलेली.

त्यांचा नवरा एक्क्याण्णवच्या सिंहस्थात पर्वणीच्या गर्दीत चुकला, तो परत आलाच नाही. नवऱ्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. बोलत त्या छत्रीबद्दल.

"माझी कोरी छत्री घेऊन गेला आमचा माणूस. काळी, लाकडी मुठीची. मी दोन दिस बी वापरली नव्हती."

अकरा वर्षं त्यांनी दुसरी छत्री घेतली नव्हती. पावसात डोक्यावर पोतं पांघरून फुलं विकायच्या. मी एकदा नवी छत्री आणून दिली, तर ती त्यांनी सुवर्णाच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "नको रं बाबा. तो आला की दोन-दोन होतील." मला भडभडून आलं. मी उगाच ओट्याची लांबी मोजत बसलो.

तर गिटार. पाडलेल्या एका घराच्या सागवानी दाराची फळी मिळाली, तिचं धड कापलं. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या मोडक्या गिटारची मान मिळाली. तारा पिळायच्या खुंट्या कारखान्यातल्या सोमनाथने लेथवर काढून दिल्या आणि 'लग्नाच्या वयात हे केलं असतं तर समजलो असतो' असं म्हणाला. राहिला पिकअप. तारांच्या खाली बसतो तो. आत चुंबक, भोवती बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारेची थरथर तोच पकडून पुढे धाडतो.

तो मला भंगारात सापडला. पुढचा सिंहस्थ वर्षावर आला होता आणि कुठल्याशा गोदामातलं जुनं सामान विकायला निघालं होतं. ढिगात एक भोंगा होता. त्याच्या मागचं चुंबक शाबूत, शेजारी त्याचाच ट्रान्सफॉर्मर, त्यात केसासारखी तांब्याची तार. भोंग्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: 'हरवले-सापडले. बूथ क्र. ४'.

"लय लांब जायचा ह्याचा आवाज," भंगारवाला म्हणाला.

"किती मीटर?"

त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

सुवर्णाच्या शिलाई मशीनवर मी त्या तारेचे सात हजार वेढे गुंडाळले. माझ्याकडच्या मासिकात शेवटी बारीक अक्षरांत एक सूचना होती: वेढे वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट करावेत, नाहीतर पिकअप माईकसारखा आसपासचे आवाजही ऐकू लागतो. घरात दोनच मेणबत्त्या होत्या आणि वीज जाते म्हणून सुवर्णाने त्या द्यायला साफ नकार दिला. मी मेण राहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा खोट असलेला माल मी पास केला, आणि तो माझाच होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी गिटार जुन्या टेपरेकॉर्डरला जोडली आणि तार छेडली.

"मांजर सापडलं का कशात?" सुवर्णाने आतून विचारलं.

मी खुंटी पिळत होतो तेवढ्यात टेपच्या स्पीकरमधून घरघर आली आणि तिच्यामागून पुरुषाचा आवाज. सर्दी झालेला, कंटाळलेला.

"कृपया लक्ष द्या. निफाडकडचे भिका, वय सत्तर, डोक्याला गुलाबी फेटा, हातात तांब्या. जिथे असाल तिथून बूथ क्रमांक चारवर यावे. आपली माणसं वाट पाहत आहेत."

मी घाबरलो नाही. तारेचं वेटोळं कधीकधी रेडिओ पकडतं, हे मला माहीत होतं. वहीत तारीख आणि वेळ लिहिली, पुढे 'रेडिओ?' असं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाचला कामावरून आलो तर फाटकात गुलाबी फेटा उभा. हातात तांब्या. कपडे चिंब, नुकतंच स्नान करून आल्यासारखे.

"दादा, बूथ चार ह्योच ना?"

पत्ता चुकलाय हे सांगायला मी तोंड उघडलं, पण सुवर्णाचा स्वभाव आडवा आला. तिने त्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा आणून ठेवला. मी टॉवेल आणायला आत गेलो. परत आलो तर म्हातारबाबा नव्हते. ओट्यावर ते बसले होते ती जागा कोरडी होती. कप भरलेला, वर साय धरलेली. मी व्हर्नियरने मोजलं: काठापासून सहा मिलिमीटर खाली. सुवर्णा तेवढाच भरते.

नंतरच्या पंधरवड्यात सात जण आले. गिटारला हात लावला की टेपमधून नाव यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते माणूस फाटकात हजर व्हायचं. मला अजून एक सूर धड लागत नव्हता, पण श्रोते थेट घरी येत होते. बयाबाई नावाच्या एक आजी तर शेळी घेऊन आल्या. शेळीही ओली.

"आज दुसरी पर्वणी ना रं?" त्यांनी मला विचारलं.

"आजी, सिंहस्थ पुढच्या वर्षी आहे."

लहान मुलाने काही वेडंवाकडं बोलावं तशा त्या माझ्याकडे बघून हसल्या. "माझी मानसं येतील आता," एवढंच म्हणाल्या. मी चष्मा पुसेपर्यंत आजीही नाहीत आणि शेळीही नाही. कप भरलेला.

"साखर संपली," सुवर्णाने रात्री जेवताना जाहीर केलं. "ही गिटार आहे का धर्मशाळा? आणि पितही नाहीत हो कोणी. ओतून द्यायला जिवावर येतं."

ती हे हसत म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून ती उरलेला चहा मोरीत न ओतता तुळशीपासून लांब, कुंपणाबाहेर ओतायला लागली. 

सप्टेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी चार वाजता चतुराबाई ओट्यावर चहा घेत असताना मी आत तारा जुळवत होतो. टेप बोलायला लागला. "कृपया लक्ष द्या..."

फुर्र थांबलं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हा आवाज मी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "बूथ चार. मी ह्याच्याच रांगेत उभी होते."

मग जमिनीवर बसून त्यांनी अकरा वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पर्वणीला त्या एकट्याच बूथवर पोचल्या. माईकवाल्याने विचारलं, बाई, नवऱ्याचं नाव काय? मागे पन्नास माणसं, त्यात सासऱ्याच्या वयाची, गावातली, ओळखीची.

"चारचौघांत नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? मी म्हणलं, फुलवाले. तो म्हणला, बाई, असे शंभर फुलवाले हायेत. मी म्हणलं, काळी छत्री. तो म्हणला, नाव सांगा, नायतर बाजूला व्हा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी बाजूला झाले. दुसऱ्या दिशी दीरानं नाव सांगितलं, पण तवर बूथ उठला होता. माझ्या माणसाचं नाव पुकारलंच नाय रं कोणी. मग येणार कसा तो?"

सुवर्णा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मला बोलू दे ह्या भोंग्यात," चतुराबाई म्हणाल्या.

पिकअप म्हणजे माईक नव्हे, असं मी समजावून सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. मला मेण आठवलं. मी गिटारवर वाकून हळूच 'हॅलो' म्हटलं. टेपमधून माझा 'हॅलो' आला.

चतुराबाईंनी गिटार मांडीवर घेतली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. अकरा वर्षं गेली तरी जीभ उचलेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मावशी," सुवर्णा म्हणाली. मला 'अहो'शिवाय कधी हाक न मारलेली माझी बायको. "उखाण्यात घ्या की."

त्यांचा चेहरा उजळला. पदर डोक्यावर सारखा केला, घसा साफ केला आणि तारांवर तोंड नेऊन एका दमात म्हणाल्या:

"गंगेच्या घाटावर झेंडूच्या राशी,
सहादूरावांचं नाव घेते, छत्री घेऊन या माझ्यापाशी!"

सुवर्णाने टाळ्या वाजवल्या. टेपमधली घरघर बंद पडली. आम्ही तिघं अर्धा तास वाट बघत बसलो. काही नाही.

"हे बी उठलं वाटतं," चतुराबाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मी गिटारची वायर काढून गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ऊन कडक होतं, आभाळात ढग नव्हता. चार वाजता रस्त्यावरून पाणी ठिबकल्याचा आवाज आला. टप. टप.

फाटकात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा. डोक्यावर काळी छत्री उघडलेली, आणि तिच्या काड्यांवरून पाणी गळत होतं.

चतुराबाई ओट्यावरून उठल्या. नवऱ्यापेक्षा त्या आता दहा-बारा वर्षांनी मोठ्या दिसत होत्या.

"किती उशीर!" त्या ओरडल्या.

"मी तिथंच होतो," तो म्हणाला. "ऐकत होतो. सगळ्यांची नावं पुकारली. माझंच नाय पुकारलं."

"छत्री मोडली तर नाय ना?"

"नाय."

त्याने छत्री मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी मूठ चाचपली, काड्या मोजल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडताच हसल्या. दोघं ओट्यावर बसले.

सुवर्णाने दोन कप आणले. दोन बश्या. आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेली. "बसू द्या त्यांना," ती कुजबुजली. तिचेही डोळे भरले होते. मला इतका आनंद कुठल्याही मापाने झाला नव्हता.

आत टेपरेकॉर्डर बोलत होता.

गिटार भिंतीला टेकून होती. वायर खुंटीला गुंडाळलेली होती.

"कृपया लक्ष द्या. मखमलाबाद रस्त्याच्या चतुराबाई यांना त्यांची माणसं घेऊन गेली आहेत. बूथ क्रमांक चारवर आता कोणी शिल्लक नाही."

आम्ही बाहेर आलो.

ओटा रिकामा होता. फाटक बंद.

एका कपावर साय धरली होती. ते मला अपेक्षितच होतं.

दुसऱ्या कपावरही धरली होती. मी व्हर्नियर काढला नाही. सुवर्णाने चतुराबाईंची बशी उचलली, उन्हात तिरपी करून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

बशी कोरडी होती.