सातवा ठोका

१७ फेब्रुवारी २००९, मंगळवार. सकाळचे अकरा चाळीस. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माणसे दोन.

हा आकडा लक्षात ठेवा. ज्यांच्याबाबत हे घडले ते ध्वनितंत्रज्ञ तंत्रनिकेतनात शिकलेले, तोलून बोलणारे गृहस्थ आहेत. पदरचे काही घालून सांगणे त्यांच्या स्वभावात नाही.

समोर त्यांची थोरली बहीण बसली होती. तरुणपणी सरकारविरुद्ध पत्रके वाटली म्हणून तिने दोन वर्षे तुरुंग भोगला. दुसऱ्या दिवशी त्या तुरुंगाविषयीच्या चौकशी समितीपुढे तिची साक्ष होती.

ताई म्हणे, कोठडीत आम्ही सात जणी. सरकार म्हणे, सहा.

सातवीला सगळ्या ‘चिमणी’ म्हणत. एकदा तिला चौकशीला नेले, ती परतलीच नाही. बाकीच्या पाच जणी आता वारल्या होत्या. ताईची साक्ष डगमगली, तर चिमणी कोठडीत कधी नव्हतीच असे ठरणार होते. आणि ‘वय झालं की बायकांना काहीबाही आठवतं’, असे समितीच्या कारकुनाने फोनवर ऐकवल्यापासून ताईचा स्वतःवरचाच भरवसा उडत चालला होता. म्हणून ही तालीम.

“बाळ, तुझा संसार अजून वायरींशीच,” ती हसली. त्यांनी टेप सुरू करून हेडफोन चढवला.

ती सांगू लागली. कोठडीत दिवा नसे. दार बंद झाले की प्रत्येकीने आपल्या पाळीने भिंतीवर एक ठोका द्यायचा. सगळ्या आहोत ना, एवढेच कळायला.

“माझा नंबर चौथा. असा...”

तिने बोट उचलले.

आणि थांबली.

हेडफोनमध्ये... टक्.

टक्.

टक्.

मग तिने टेबलावर ठोका दिला.

तंत्रज्ञांनी भिंतींकडे पाहिले. चारही भिंतींवर जाड स्पंज होता. हातोडा मारला तरी असा आवाज निघाला नसता.

टक्... टक्...

सहा झाले.

मग नुसती शांतता.

आणि मग... धप्.

हा बोटाचा नव्हता. खालून आला होता. फरशीवरून.

त्यांच्याच खुर्चीखालून.

त्यांनी हेडफोन उतरवला. ताईला काहीच ऐकू आले नव्हते. आपण मध्येच का थांबलो, हेही तिला सांगता येईना. त्यांनी टेप मागे नेऊन ऐकवली. सातव्या आवाजाला तिने त्यांचे मनगट घट्ट धरले.

“टाच आहे ती.”

“कुणाची?”

“चिमणीची. आधीच्या एका चौकशीत तिची बोटं मोडली होती रे. भिंतीवर ठोका देता येईना, म्हणून टाच आपटायची.” तिने मनगट सोडले. “हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आत्तापर्यंत मलाच आठवत नव्हतं.”

ताईने साक्ष दिली. टाचेसकट. टेप समितीने ठेवून घेतली.

तंत्रज्ञांनी यंत्र उघडून पाहिले, फरशी ठोकून पाहिली. दोष कुठेच सापडला नाही. त्या खोलीत ते पुन्हा गेले नाहीत. कुठल्याही खुर्चीवर बसले, की अजून पाय वर घेऊन बसतात.

समितीच्या अहवालात त्या कोठडीतल्या कैदी स्त्रिया : सात.